एक कपडा कमी पडतोय

आमच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचं पिंप आहे आणि ते पिंप म्हणजे मी आहे.

खरंच! माझे सगळे जुने कपडे भांडेवालीला दिले, त्या बदल्यात ते घरात आलं. पंचवीस किलो तांदूळ मावतो त्यात. माझं वजन कमी झालं अठ्ठावीस किलो. मधल्या तीन किलोंचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. (बाबा म्हणतात, झाकणात गेले असतील.)

थांबा, नीट सांगते. मी घाईघाईत सांगायला लागते आणि मग लोक विचारतात, ‘म्हणजे पिंपात कोण पडलं?’

तर मी केतकी. घरात केतू. नेरूळला सातव्या मजल्यावर आई, बाबा, दादा आणि मी असे राहतो. आणि आमच्या घरात ग्रुप फोटोचा एक नियम आहे. फोटोग्राफर ‘रेडी’ म्हणाला की आई माझ्या कानात कुजबुजणार, “केतू, ताट धर.” ओवाळायचं ताट, पेढ्यांचं ताट, काहीच नसलं तर रिकामं ताट. ते पोटासमोर धरायचं आणि हसायचं. आईचा हेतू वाईट नव्हता हो! तिला वाटायचं, माझी लेक फोटोत बारीक दिसावी. मावसभावाच्या मुंजीत मी ताट धरलंय, आत्याच्या वास्तुशांतीला ताट धरलंय, माझ्या स्वतःच्या दहावीच्या निकालाच्या फोटोत मार्कशीट दिसत नाही पण ताट दिसतं! एकदा हॉलमध्ये ताट मिळेना, तर आईने माझ्या हातात एक बाळ दिलं. बाळ कुणाचं होतं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

अल्बम बघताना पाहुणे विचारतात, “केतकी कुठेय यात?” आणि आई बोट ठेवते. “ती काय, ताटामागे.”

मग दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी माझा शुगरचा रिपोर्ट बघून नुसतं “हं” केलं. ते “हं” मला इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापासून मी सेक्टरमधल्या तलावाभोवती फेऱ्या मारायला लागले. पहिला आठवडा बाबा सोबत होते. दुसऱ्या आठवड्यात बाबा बाकावर होते. तिसऱ्या आठवड्यात बाबा समोरच्या टपरीवर होते. मी मात्र फिरत राहिले. पाऊस, ऊन, चिखल, काही नाही! तिथली बदकं मला बघून बाजूला सरकायला लागली. आणि एक दिवस काट्यावर उभी राहिले तर अठ्ठावीस किलो गायब!

त्याच सुमारास दादाचा साखरपुडा ठरला. मी जेवताना चमचा ताटावर आपटून जाहीर केलं, “या साखरपुड्याला मी ताट धरणार नाही!”

“मग कोण धरणार?” दादा म्हणाला.

“कुणी पण धरा! टेबलावर ठेवा! मी पहिल्या रांगेत, मधोमध, रिकाम्या हातांनी उभी राहणार.”

“अगं, पण मग नातेवाईक तुला ओळखणार कसे?” बाबा.

आईने माझ्या ताटातली दुसरी भाकरी उचलून दादाच्या ताटात ठेवली. हा पाठिंबा होता असं मी समजले.

आता प्रश्न कपड्यांचा. तोपर्यंत माझं शॉपिंग एकदम सोपं असायचं. दुकानात जायचं, “मोठ्यात मोठा काय आहे?” विचारायचं, आणि जो येईल तो घ्यायचा. रंग, गळा, बाह्या असले लाड नव्हते. जे बसतं तेच मला आवडतं, बास! त्यामुळे वाशीच्या मॉलमध्ये मी सवयीने सगळ्यात शेवटच्या रॅककडे गेले, सवयीने डबल एक्सेल उचलला आणि सवयीने ट्रायल रूमकडे चालायला लागले. तर तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, हा गिफ्ट द्यायला घेताय का?”

“नाही, मला.”

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मॅडम, यात तुम्ही हरवाल.”

मी तिला मिठी मारली! (ती सिक्युरिटीकडे बघत होती, पण मारली.) तिने मला मीडियम आणून दिला. मीडियम! हा शब्द मी आजवर फक्त पिझ्झ्यासाठी वापरला होता. ट्रायल रूममध्ये गेले, घातला, चेन ओढली. झर्रकन वर! मी खाली केली, परत वर केली. झर्र! परत खाली, परत वर. झर्र! शेजारच्या खोलीतून एका बाईंचा आवाज आला, “काही अडकलंय का हो?”

“नाही ना!” मी ओरडले. “काहीच अडकत नाहीये!!”

आणि मग मला जे चढलं ते चढलं. ज्याची चेन लागेल ते घ्यायचं! आणि प्रॉब्लेम असा की सगळ्यांचीच लागत होती. मी एक झालरींचा मोहरी रंगाचा ड्रेस घेतला. पांढरी पॅन्ट घेतली. पाठीवर नुसत्या दोऱ्या असलेला टॉप घेतला. आणि एक निळा जंपसूट, ज्याला पुढे दोन खिसे, मागे दोन खिसे आणि गुडघ्यावर पण एक खिसा होता. गुडघ्यावर खिसा कशाला, हा विचार मला दुकानात सुचला नाही. घरी बाबांना सुचला.

संध्याकाळी हॉलमध्ये मी एकेक घालून दाखवला. मोहरी ड्रेसवर दादा म्हणाला, “गणपतीचं मखर.” दोऱ्यांच्या टॉपवर बाबा उठून बाल्कनीत गेले. जंपसूटवर परत आले आणि म्हणाले, “हा छान आहे. टाकी फुल करायची का हवा बघायची?”

“बाबा!!”

आई सोफ्यावर बसून शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, “केतू, बसतंय गं सगळं. शोभत नाहीये.”

मला इतका राग आला ना! “आई, मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बसतंय! शोभण्याचं नंतर बघू!” आणि मी पाय आपटत आत गेले. (पांढऱ्या पॅन्टचा एक टाका तिथेच उसवला.) आई बराच वेळ तशीच बसून होती म्हणे. हे मला नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि पिंप आलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा साखरपुड्यासाठी तांदूळ आणि फळं आणायला एपीएमसी मार्केटला निघाले. मी नवा जंपसूट घालून त्यांना टाटा करत होते. लिफ्टचं दार बंद होता होता आई आतून ओरडली, “केतू, त्या खुर्चीवरचं आवर—” आणि दार बंद.

आवर! बरं. आवरते.

पण आधी कपाट! नवे कपडे ठेवायला जागाच नव्हती. मी सगळे जुने कुर्ते, सलवारी बाहेर काढल्या आणि पलंगावर ढीग केला. तंबूच्या दुकानासारखं दिसत होतं. आणि नेमकी तेव्हाच खालून हाक आली, “भांडेऽऽऽवालीय!”

ही आमची जमनाबाई. दर महिन्याला येते. जुने कपडे द्यायचे, स्टीलचं भांडं घ्यायचं. आई तिच्याशी एका चहाच्या गाळण्यासाठी अर्धा तास घासाघीस करते. मी बाल्कनीतून ओरडून तिला वर बोलावलं.

जमनाबाईने टोपली ठेवली, पदर खोचला आणि एकेक कुर्ता उजेडात धरून बघायला लागली. डॉक्टर एक्सरे बघतात ना, तशी.

“कोनाचे हे?”

“माझे.”

तिने कुर्ता बघितला. मला बघितलं. परत कुर्ता. “आजारी होतीस काय गं बाय?”

“नाही! चालून चालून कमी केलं! अठ्ठावीस किलो!”

“अरे देवा,” ती म्हणाली आणि एक डबा पुढे केला. “हा घे.”

पण माझी नजर पिंपावर होती. चकचकीत, झाकणवालं. आई कित्येक वर्षं म्हणत होती, एक मोठं पिंप हवं गं तांदळाला. मी म्हटलं, “डबा नको. पिंप दे.”

“पिंप? इतक्यात?” जमनाबाईने ढीग परत मोजला. वर बघितलं, खाली बघितलं, हिशोब केला आणि मान हलवली. “एक कपडा कमी पडतोय.”

“अगं, एवढे कुर्ते दिले! एकेका कुर्त्यात दोन माणसं बसतील!”

“ते खरं. पन एक कपडा कमी पडतोय.”

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मला दिसली खुर्ची. खुर्चीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा एक जुना, फिका झालेला जांभळा ब्लाउज. बाहेर काढला. हा रुंद! कॉलेजच्या साडी डेला घातलेला माझाच असणार. आणि आईने सांगितलंच होतं ना, खुर्चीवरचं आवर!

“हा घे!” मी तो ढिगावर टाकला.

जमनाबाईने ब्लाउज उलटा केला, आतून बघितला, शिवणीवरून बोट फिरवलं. तिचा चेहराच बदलला. “पिंप तुझं,” ती म्हणाली आणि इतक्या पटकन गाठोडं बांधून निघाली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आई-बाबा आले. पिंप बघून आई इतकी खूश झाली की तिने माझी अलाबला घेतली! “केतू, तू केलास सौदा? तू?” तिने पिंप धुतलं, पुसलं, हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणलेला तांदूळ त्यात ओतला. मी फुगून पिंपाएवढी झाले होते.

मग आई हॉलमध्ये गेली. आणि परत आली.

“खुर्चीवरची पिशवी कुठेय?”

“आवरली ना! तूच म्हणालीस.”

“मी म्हटलं, आवरू नकोस.”

“...नकोस?”

“नकोस. त्यात माझा ब्लाउज होता.”

कधी कधी शांतता इतकी होते ना, की फ्रिजचा आवाज पण उद्धट वाटतो. तसं झालं. आई आत गेली आणि कपाटातून एक साडी आणून सोफ्यावर ठेवली. जांभळी नारायणपेठ, नारिंगी काठ. तिच्या साखरपुड्याची! ही साडी मी लहानपणापासून मागायचे. आई म्हणायची, “मोठी झालीस की देईन.” मग मी मोठी झाले, जरा जास्तच मोठी झाले, आणि आम्ही दोघींनी तो विषय सोडून दिला.

“काल मनात आलं, ही तुला शोभेल,” आई म्हणाली. “याच साडीच्या कापडातला ब्लाउज होता तो. वैजूकडून तुझ्या मापाचा करून घेणार होते.”

“आई, दुसरा शिवू ना! मॅचिंग घेऊ!”

“या रंगाचं कापड आता मिळत नाही.” मग ती म्हणाली, “असू दे.”

आई ओरडली असती तर चाललं असतं. भांडं आपटलं असतं तर पण चाललं असतं. (पिंप होतंच समोर.) पण ‘असू दे’? आमच्या घरात ‘असू दे’ फक्त मोठ्या संकटात वापरतात.

मी धावले. लिफ्ट वर होती, म्हणून जिन्याने. सात मजले! खाली वॉचमनकाका म्हणाले, “जमनाबाई? ती दुपारी सारसोळ्याच्या नाक्यावर बसते, झाडाखाली. कपडे निवडते.” मी नाक्याकडे सुटले. जंपसूटमध्ये, पाच खिसे उडवत. सिग्नलला एका स्कूटरवाल्याने मला थांबवलं. “ताई, मागच्या चाकात हवा भरून मिळेल?”

मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

नाक्यावर जमनाबाई होती! भोवती कपड्यांचे ढीग. माझे कुर्ते एका बाजूला, नीट घडी करून. आणि जांभळा ब्लाउज? तो तिने वेगळा, स्वतःच्या पिशवीत ठेवला होता!

“जमनाबाई,” मी धापा टाकत म्हटलं, “तो ब्लाउज परत दे. चुकून दिला. आईच्या साखरपुड्याचा आहे. मी पिंप आणून देते.”

“पिंप नको. भांडं एकदा घरात गेलं, धान्य पडलं, मी परत घेत नाय.”

“मग पैसे घे.”

ती हसली. “बाय, पैशात मी धंदाच करत नाय. कपड्याला कपडा. काय आणशील?”

मी रिक्षाने घरी. कपाट उघडलं. मोहरी ड्रेस. तोच आणला. जमनाबाईने झालरी झटकल्या. “हे काय हाय? पडदा?”

“ड्रेस.”

“तुला शोभत नाय. बरं केलंस आनलंस.” आणि ब्लाउजवर हात ठेवला. “एक कपडा कमी पडतोय.”

परत रिक्षा. पांढरी पॅन्ट. (“उसवलीय.”) दोऱ्यांचा टॉप. (“याचा मागचा भाग कुठाय?”) प्रत्येक वेळी ती कपडा उजेडात धरायची, मग माझ्या खांद्याला लावून बघायची आणि नाक मुरडायची. दिवसभर लोकांचे कपडे बघणारी बाई! मॉलमध्ये चार तासांत मला जे कळलं नाही, ते तिला झाडाखाली बसून चार मिनिटांत कळत होतं. शेवटी तिने जांभळा ब्लाउज काढून माझ्या खांद्याला लावला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “हा तुझा रंग हाय.”

“मग दे ना!”

“देते.” तिने माझ्या जंपसूटकडे बघितलं. “एक कपडा...”

“नाही.”

“...कमी पडतोय.”

“अगं, मी तो घातलाय!!”

“मी थांबते की.”

आता काय करणार? तिने उदार मनाने माझ्याच ढिगातला माझाच एक जुना कुर्ता आणि सलवार मला दिली. “हे तसंच घे, तुझंच हाय.” मी तो कुर्ता जंपसूटवरून घातला. आणि काय सांगू, त्या कुर्त्याच्या आत इतकी जागा होती की भर नाक्यावर, झाडाच्या आड, मी आतल्या आत हात काढले, जंपसूट खाली सोडला, सलवार वर ओढली, नाडी दोन वेढे घेऊन बांधली, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही! एक काकू शेजारी उभं राहून कोळंबीचा भाव करत होत्या. त्यांनी वळून पण बघितलं नाही.

ब्लाउज हातात आला. मी त्याचा मुका घेतला. मग म्हटलं, आता घरी नको, सरळ वैजूमावशीकडेच! वैजूमावशी आमची शिवणारी. सारसोळे गावातच तिचं घर आणि दारात मशीन. आई लग्न होऊन नेरूळला आली तेव्हापासून आमच्या घरचं सगळं तीच शिवते. मला त्या तंबूत येताना बघून तिने मशीन थांबवलं आणि कपाळाला हात लावला.

“काय गो केतू! परत जाड झालीस?”

“नाही मावशी! कुर्ता जाडा आहे! मी आत बारीक आहे!”

मग मी तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की सुई टोचून घेतली. मग ब्लाउज उलटा करून मांडीवर पसरला आणि शिवणीवर बोट ठेवलं.

“इकरं ये. बघ.”

आतल्या बाजूला, काखेखाली, शिवणींच्या चार रेघा होत्या. एकीच्या शेजारी एक. तीन उसवलेल्या, नुसती टाक्यांची भोकं राहिलेली, आणि सगळ्यात बाहेरची तेवढी पक्की.

“ही पयली,” मावशी म्हणाली, “चिपळूनची. तुजी आयस लग्नाच्या आधीची. एवढीशी होती बग. ही दुसरी, नेरूलला आली तवाची. ही तिसरी, तुज्या दादाच्या येळची. आनि ही भायेरची तुज्या येळची. दर येळी यायची नि बोलायची, वैजू, थोडी माया सोड गं.”

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. आईच्या आईने चिपळूणच्या शिंप्याला सांगून भरपूर माया ठेवून घेतली होती. आणि आईने ती एकेक रेघ करत दादाला नि मला वाटून टाकली होती! मी त्या बाहेरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मावशी, आता मला पहिल्या रेघेवर बसेल ना?” मी विचारलं. माझा उत्साह काही कमी होत नव्हता!

“घाल, बगू.”

आत जाऊन घातला. मावशीने पहिल्या रेघेवर टाचण्या लावल्या. “श्वास सोड.”

“सोडलाय.”

“खोटारडी. सोड गो!”

सोडला. एक टाचणी उडून मशीनवर पडली.

“दुसरी रेघ,” मावशीने निकाल दिला. आणि मग टाचण्या सरकवल्या, खांदा नीट केला, मला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. मी बघितलं. त्यात खिसे नव्हते, झालरी नव्हत्या, दोऱ्या नव्हत्या. नुसती मी होते. आणि मी छान दिसत होते!

“शिवून टाकते. मग आतली माया कापू काय?” मावशीने कात्री उचलली. “आता परत कशाला लागनार?”

“काप!” मी ऐटीत म्हटलं. मग मला दादाच्या साखरपुड्याचा मेन्यू आठवला. बासुंदी होती. अळूवडी होती. “मावशी, थांब! थांब! राहू दे!”

संध्याकाळी घरी गेले. त्या कुर्त्यातच. आईने दार उघडलं आणि आधी मला, मग माझ्या हातातल्या पिशवीला बघितलं. मी आत जाऊन ब्लाउज घालून आले. आईने साडी उचलली, माझ्याभोवती गुंडाळली, निऱ्या केल्या, खोचल्या, पदर काढला. तोंडात पिना होत्या म्हणून बोलत नव्हती, असं मला वाटलं. मग पिना संपल्या तरी बोलेना.

“बसतोय ना?” मीच विचारलं.

तिने मला खांद्याला धरून उजेडाकडे फिरवलं. “शोभतोय,” ती म्हणाली आणि नाक पुसायला स्वयंपाकघरात गेली. बाबा म्हणाले, “अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस,” आणि मग जरा थांबून, “हवा बघून घेतली का?”

आता साखरपुडा. काय सांगू! हॉलमध्ये मी नुसती तरंगत होते. आत्या म्हणाली, “ही कोण मुलीकडची?” मावसभाऊ माझ्याशी पाच मिनिटं ‘तुम्ही’ ‘तुम्ही’ करून बोलला! होणाऱ्या वहिनीने साडी कुठून घेतली विचारलं आणि आईने मान अशी काही उंच केली की तिचा गजरा सुटला. बासुंदी मी फोटो होईपर्यंत खाल्ली नाही. ही माझी आजवरची सगळ्यात मोठी तपश्चर्या!

आणि मग तो क्षण आला. फोटोग्राफर ओरडला, “घरच्यांचा ग्रुप! चला!” आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. “जांभळ्या साडीतल्या ताई, तुम्ही पुढे. मधे. हां, तुम्हीच!”

मी! पुढे! मधे! आईने माझ्याकडे बघितलं आणि नुसते डोळे मिटून उघडले. जा, म्हणाली.

मी गेले. पहिली रांग. मधोमध. रिकामे हात.

रिकामे... हात.

लोकहो, हात कुठे ठेवतात? मला खरंच माहीत नव्हतं! एवढ्या वर्षांत मी कधी त्यांना मोकळं सोडलंच नव्हतं. पाठीमागे घेतले. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, परेड नाहीये.” कमरेवर ठेवले. “ताई, भांडण नाहीये.” खाली सोडले, तर ते नुसते लोंबायला लागले, बाजारात टांगलेल्या दुधीसारखे. पुढे गुंफले. “ताई, आरती झाली का?” मागून दादा हसायला लागला, मग वहिनी, मग दोन्हीकडचे सगळे पाहुणे. घाम फुटला मला. ब्लाउजच्या बाहीचा काठ ओला व्हायला लागला. शेवटी फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला आणि हात जोडले.

“ताई, प्लीज, हातात काहीतरी धरा!”

“केतू, नको!” मागून आई ओरडली. “नको गं!”

पण माझे पाय कधीच टेबलापाशी पोचले होते. मी पेढ्यांचं ताट उचललं, परत आले, मधोमध उभी राहिले आणि काय सांगू, हात आपोआप बरोब्बर जागेवर गेले. खांदे सैल पडले. चेहऱ्यावर आपोआप हसू आलं.

“परफेक्ट!” फोटोग्राफर म्हणाला. क्लिक.

तो फोटो आता फ्रेम करून आमच्या स्वयंपाकघरात पिंपाच्या वर लावलाय. झकास आलाय! काय ते मधोमध चमकणारं ताट, काय ते पेढे, एकेकावरची पिस्त्याची कातळी मोजून घ्या! ब्लाउज? ब्लाउजचा डाव्या दंडावरचा दोन बोटं काठ दिसतो, नीट बघितलं तर.

काल सोसायटीतल्या काकू आल्या होत्या. बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाल्या, “सगळे दिसले हो, पण तुमची केतकी कुठेय यात? एवढी बारीक झालीये म्हणे?”

आईने चहा गाळता गाळता वर पण बघितलं नाही.

“ती काय,” आई म्हणाली, “ताटामागे.”